‘पण’वाला मित्र

वजन कमी करायचंय, हे आमचा एक मित्र नेमकं खाताना सांगतो. तळमळ खोटी नसते. मिसळीवर दुसऱ्यांदा तर्री मागवताना त्याचा आवाज खरोखर कातर झालेला असतो. मग टेबलाभोवतीचे आम्ही सगळे कामाला लागतो. एक जण दीक्षित डाएट समजावतो : दिवसातून दोनदाच जेवायचं, दोन्ही वेळा ५५ मिनिटांच्या आत. मित्र मन लावून ऐकतो आणि विचारतो, “पण मग चहाचं काय?” पहाटे पर्वती चढ. “पण गुडघे!” पोहायला जा. “पण क्लोरीनने केस जातात.” (जायला उरलेत किती, हे मैत्रीखातर कोणी विचारत नाही.)

विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दारूच्या आहारी गेलेल्यांशी कसं बोलावं, यावर १९८३ साली एक लेख लिहिला. त्याचं सार असं, की अशा माणसाच्या मनात ‘बदलावं’ आणि ‘राहू दे’ असे दोन्ही पक्ष नांदत असतात. आपण पहिल्याचं वकीलपत्र घेतलं, की दुसऱ्याची बाजू तोच मांडू लागतो. आणि माणसाला स्वतःच्या तोंडून निघालेलं जास्त पटतं. म्हणजे आम्ही ‘पर्वती, पर्वती’ करत होतो, तेव्हा तो दर खेपेला अंथरुणाची बाजू आणखी पक्की करून उठत होता! मिलरचा उपाय साधा : उपदेश आवरा, विचारा, ऐका.

आवरणं हेच तर अवघड. सल्ला देण्याइतकं फुकटचं सुख दुसरं नाही. ज्यांनी गेल्या दिवाळीपासून पर्वतीची पायरी पाहिलेली नाही, त्यांनाच ती चढणं किती सोपं आहे हे नीट सांगता येतं. हे सुख मित्र आम्हाला वर्षानुवर्षं पुरवतोय. उपकार कोणाचे कोणावर, हाही प्रश्नच आहे. शिवाय मला वाटतं, तो उपाय मागत नसावाच. ‘विचार चाललाय’ या मुक्कामावरही माणसाला सोबत लागते.

परवा मी नुसतं विचारलं, “तुला काय वाटतं?” तो गडबडला. बराच वेळ पाव कुस्करून म्हणाला, “रात्रीचा भात बंद करून बघावा म्हणतो.” जिभेवर आलेलं मी कसंबसं गिळलं. तेवढ्यात शेजारचा उसळून म्हणाला, “अगदी बरोबर! आजपासूनच कर!”

“पण भाताशिवाय मला झोप लागत नाही रे,” मित्र म्हणाला.