शिकाऊ वकीलसाहेब

आमच्या माडीवरच्या खोलीत राहणाऱ्या वकीलसाहेबांना अजून सनद मिळायची आहे. सनद तर पुढची गोष्ट, शेवटचं सेमिस्टरही व्हायचं आहे. पण दारव्हा तालुक्यातल्या त्यांच्या गावात असले तपशील कोणी विचारत नाही. यवतमाळच्या अमोलकचंद विधी महाविद्यालयात नाव घालून ते पहिल्यांदा गावी एसटीतून उतरले, तेव्हा आदल्या आठवड्यापर्यंत 'काय बे पोट्ट्या' म्हणणारा पानठेलेवाला 'या वकीलसाहेब' म्हणाला. आपण अजून शिकतो आहोत, हे त्यांनी तिथंच सांगायला हवं होतं. त्यांनी टाय सरळ केला.

बी. ए. झालं, एमपीएससीच्या पूर्वपरीक्षा देऊन झाल्या, मग 'तोवर' म्हणून एलएलबी. आमच्याकडे या वर्गात 'तोवर'वाले बरेच भेटतात. आमचे साहेब मात्र पहिल्याच महिन्यात कायद्यात असे बुडाले की साधं बोलणंच विसरले. भाजी कशी झाली असं आमच्या मंडळींनी विचारलं, तर म्हणतात, 'प्रथमदर्शनी बरी आहे.' भाडं कधी देणार म्हटलं, तर त्याबाबतचे सर्व हक्क राखून ठेवतात.

बार कौन्सिलच्या २००८च्या नियमांनुसार कायद्याच्या पदवीत चार पेपर निव्वळ प्रात्यक्षिकाचे असतात. मसुदालेखन, व्यावसायिक नीती, तंटा कोर्टाबाहेर मिटवण्याच्या रीती, आणि चौथा मूट कोर्ट व इंटर्नशिपचा. हेतू चांगला आहे. पोरांनी नुसत्या गाईडवर पास होऊ नये, हाताने काही लिहावं, कोर्ट डोळ्यांनी पाहावं. पण मसुद्याच्या पेपरात दाव्या-अर्जांचे १५ आणि दस्तांचे १५ मसुदे लिहावे लागतात, आणि घरमालकाच्या डोक्यावर विद्यार्थी राहत असेल तर त्यातले काही खाली येतात.

माडीवरचा नळ गळत होता. एके सकाळी साहेब जिना उतरून आले आणि मला एक लिफाफा दिला. आत नोटीस. 'आमच्या अशिलांनी दिलेल्या माहितीवरून व त्यांच्या सूचनेवरून आपणांस कळविण्यात येते की...' अशील तेच आणि वकीलही तेच. १५ दिवसांच्या आत नळ दुरुस्त न केल्यास होणाऱ्या सर्व परिणामांस मी जबाबदार होतो. पोच म्हणून माझी सही घेतली, चहा घेतला, आणि जाता जाता म्हणाले, 'काका, याचं उत्तर द्यावं लागते बरं.' मी म्हटलं, मला कुठलं येतं? 'मी लिहून देतो ना! माही फाईल पण भरते.'

दुसऱ्या दिवशी माझं उत्तर तयार. नोटिशीतला सर्व मजकूर खोटा, खोडसाळ व नाकबूल. सदर नळ गळतो हे नाकबूल. पर्यायाने व वरील म्हणण्यास बाध न येता, तो गळत असल्यास नोटीस देणाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे गळतो. वाचून मला माझी बाजू पटायला लागली. नळ शेवटी प्लंबरने वायसर बदलून नीट केला. त्याला दोन्ही कागद दाखवायचं राहून गेलं.

त्यांच्यावर एक अन्याय मात्र खरा झाला. पहिलं वर्ष त्यांनी भारतीय दंड संहिता पाठ करण्यात घातलं होतं. खून ३०२, खुनाचा प्रयत्न ३०७, फसवणूक ४२०. झोपेतून उठवून विचारावं. आणि १ जुलै २०२४ला भारतीय न्याय संहिता लागू झाली. खून १०३वर गेला, खुनाचा प्रयत्न १०९वर, फसवणूक ३१८वर. साहेब आठवडाभर सुतकात असल्यासारखे वावरले. मग पुन्हा पाठांतर सुरू. गावात मात्र त्यांचं काही चाललं नाही. 'अव्वल नंबरचा तीनशे अठरा आहे तो' असं त्यांनी पानठेल्यावर कोणाबद्दल तरी म्हणून पाहिलं, तर लोकांना वाटलं, त्या माणसाकडं एवढे क्विंटल कापूस झाला.

मूट कोर्टाच्या दिवशी मी मुद्दाम गेलो होतो. वर्गातल्या टेबलाचंच न्यायासन केलेलं, खुर्चीत एक ज्येष्ठ वकील. साहेब उभे राहिले आणि हिंदी सिनेमातल्या आवाजात गरजले, 'मिलॉर्ड!' ज्येष्ठ वकील शांतपणे म्हणाले, 'बाबा रे, खालच्या कोर्टात नुसतं सर म्हटलं तरी चालते, हे बार कौन्सिलनं २००६मध्येच सांगून ठेवलं आहे. बोल, तुझा मुद्दा काय?' मुद्दा होता, पण तो आवाजाच्या मागे राहिला होता. सापडायला वेळ लागला.

अंगातला कोट मावसभावाचा. यवतमाळात मे महिन्यात पारा चव्वेचाळिसाला टेकतो. उन्हाळ्यात खालच्या कोर्टांत काळा कोट सक्तीचा नाही, अशी सूट नियमातच आहे, आणि इंटर्नशिपच्या दिवसांत सगळे मुरलेले वकील नुसत्या पांढऱ्या शर्टावर बँड लावून बार रूममध्ये कूलरसमोर बसलेले असायचे. कोट घालून व्हरांड्यात घाम पुसत उभा असलेला माणूस एकच, आणि तो अजून वकीलही नव्हता.

एक दिवाणी व एक फौजदारी खटला कोर्टात बसून पाहायचा आणि त्याची डायरी लिहायची, हाही अभ्यासाचाच भाग. साहेबांनी दिवाणीसाठी एक वाटणीचा दावा निवडला. डायरीतलं पहिलं पान: 'पुकारा झाला. वादीचे वकील हजर. प्रतिवादीचे वकील पुसदला. तारीख.' दुसरं पान: 'प्रतिवादीचे वकील हजर. वादी लग्नाला. तारीख.' तिसरं: 'सर्व हजर. साक्षीदाराने चष्मा आणला नाही. तारीख.' डायरी तपासणाऱ्याने खाली 'निरीक्षण उत्तम' असा शेरा मारला.

अशिलाची मुलाखत कशी घ्यावी हेही शिकायचं असतं. म्हणजे वकिलाच्या किंवा विधी सेवा केंद्राच्या कचेरीत कोपऱ्यात बसून, दोनदा, फक्त पाहायचं. साहेबांना फक्त पाहणं जमत नाही. गावी गेले आणि नात्यातल्या एका म्हाताऱ्या आबाजींना समोर बसवलं. आबाजींच्या वावरात जायची बंडीची वाट शेजाऱ्याने काटे टाकून बंद केली होती. साहेब बराच वेळ बोलले. राज्यघटनेपासून निघाले, वाटेत दोन लॅटिन शब्द घेतले, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३पाशी येऊन थांबले. तहसीलदाराकडे अर्ज टाका, धुऱ्यावरून रस्ता मिळते!

आबाजींनी तंबाखू मळून घेतली.

'१४३ नव्या रस्त्याले असते, बाबू. माही वाट जुनी हाय. तिले मामलेदार कोर्टाचा कायदा लागते, १९०६चा. कलम पाच. अन् अडवल्यापासून सहा महिन्याच्या आत जा लागते.'

'तुम्हाले कसं माहीत, आबाजी?'

'मागल्या खेपेस मी सातव्या महिन्यात गेलो होतो.'

साहेबांनी वहीत हे लिहून घेतलं. त्यांच्या तीन वर्षांच्या वह्या मी चाळल्या आहेत. कायद्याचं इतकं चोख टिपण त्यांत दुसरं नाही.

साहेबांचे वडील कापूसवाले. कमाई कधी सुरू होईल एवढाच त्यांचा प्रश्न. त्यावर साहेब लोकनायक बापूजी अणे यांचं उदाहरण देतात. वणीचा माणूस, १९०८मध्ये याच यवतमाळात वकिली सुरू केली, पुढं १९३०मध्ये जंगल सत्याग्रहात पुसदजवळ सरकारी जंगलातलं गवत कापून कायदा मोडला आणि तुरुंगात गेले. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं. 'म्हंजे वकील होऊनशान गवतच कापाचं असन, तं घरी काय कमी हाय?'

सनदेच्या खर्चाची काळजी मात्र मिटली आहे. नोंदणीला कायद्यात लिहिलेल्या फीपेक्षा जास्त घेऊ नका, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२४मध्ये राज्य बार कौन्सिलांना बजावलं. खुल्या प्रवर्गाला ही फी ७५० रुपये. पक्षकारांच्या नावांसकट साहेबांना तोंडपाठ असलेला निकाल एवढा एकच. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा. तिथं टिपा नसलेली मूळ कायद्यांची पुस्तकं सोबत नेता येतात, हे कळल्यापासून ते निर्धास्त आहेत. पुस्तकात कोणतं पान उघडायचं हे माहीत असावं लागतं, असं मी म्हणून पाहिलं. त्यांनी हरकत नोंदवली.

सनद हाती आली की यवतमाळातच बसणार, टेबलखुर्चीचंही ठरलं आहे. म्हणून या लेखाच्या शेवटी त्यांचं नाव, पत्ता आणि फोन छापून द्यावा असा मी विचार केला होता. त्यांनीच अडवलं. वकिलाला स्वतःची जाहिरात करायला किंवा दुसऱ्याकडून करवून घ्यायला बार कौन्सिलच्या नियम ३६ने मनाई आहे म्हणाले. मी पुस्तक काढून पाहिलं. या वेळी कलमही बरोबर होतं आणि आकडाही.