खीर रात्री, कुटार दिवसा

वाशीम जिल्ह्यात दम्याचं दुखणं आणि दम्याचं औषध, दोन्ही आश्विनातच येतात. आधी सोयाबीनची सोंगणी, मग सुडी, मग थ्रेशर. त्याच्या तोंडात माल लोटणारा मजूर पाहावा: भुवया धुळीनं माखलेल्या, दुपट्टा नाकाला आवळलेला आणि वारा फिरला की सगळं कुटार अंगावर. रात्री छातीत शिट्टी वाजायला लागते. तोवर कोजागिरी येते. चांदण्यातल्या खिरीतून दम्याची पुडी घ्यायची आणि रात्रभर जागायचं. गुण आला तर पुडीचा, नाही आला तर दोष आपल्या डुलकीचा. असा बिनतोड बचाव औषध कंपन्यांनाही सुचला नाही.

कोजागिरी हुकली तर मृगाला हैदराबाद. तिथं बथिनी गौड कुटुंब जिवंत मरळ माशाच्या तोंडात औषध भरून तो गिळायला देतं, शाकाहाऱ्यांना गुळातून. वाशीमहून काचीगुड्याला थेट गाडी आहे. पेरणी तोंडावर असली म्हणून काय झालं!

जडीबुटीला हसू नये. बकरी तोंड लावत नाही त्या अडुळशातल्या व्हॅसिसिनवरूनच ब्रोमहेक्सिन घडवलं गेलं आणि कफाच्या बाटल्यांत गेलं. भ्यावं ते झटपट दम बसवणाऱ्या बिननावाच्या पुडीला. अशा पुड्यांत स्टेरॉइड सापडलेली आहेत. चेहरा गोल होतो, साखर वाढते. शेजारी म्हणतात, तब्येत भरली.

भीती मात्र इनहेलरच्या पंपाची. ‘सवय लागते ना जी!’ साल्ब्युटामॉलच्या पंपाच्या एका फवाऱ्यात 100 मायक्रोग्रॅम औषध. त्याच औषधाच्या 4 मिलिग्रॅमच्या गोळीत चाळीसपट. गोळी मुकाट गिळतात.

बार्सिलोनात 1981 ते 1987 या काळात मधूनच एखाद्या दिवशी दम्याचे रुग्ण झुंडीनं दवाखान्यात यायचे. काही दगावले. शोध घेतला तर कारण निघालं बंदरावर उतरणारं सोयाबीन. कोठारातून उडणारी त्याच्या टरफलांची धूळ शहरभर पसरायची. कोठाराला गाळण्या बसवल्या, साथ थांबली. मासा कुणाला गिळावा लागला नाही.

आपल्याकडे सोयाबीनच्या भावासाठी रस्ता रोको होतो, धुळीसाठी कुणी सायकलही आडवी लावत नाही. थ्रेशरचं भाडं पोत्यामागे ठरतं, डिझेल कुणाचं तेही ठरतं. नाकाला बांधायचं फडकं मजुरानं घरून आणायचं.