स्टॅटिक काका

प्रत्येक सोसायटीत एक स्टॅटिक काका असतात. बँकेतून निवृत्त होतात, पण घरी रूट म्हणून लॉगिन करायचं सोडत नाहीत. टीव्हीमागे त्यांचा रास्पबेरी पाय दडलेला असतो. ८५ बाय ५६ मिलिमीटरचा बोर्ड, त्यावर लिनक्स, आणि घरातल्या सगळ्या फोनांवरच्या जाहिराती अडवायची जबाबदारी त्याच्या एकट्यावर. पत्ता कायमचा : १९२.१६८.१.५०. नातवाची जन्मतारीख काकांना आठवावी लागते, हा पत्ता नाही.

मग कधीतरी नेटवाला राउटर बदलून जातो. नवा राउटर १९२.१६८.०मधले पत्ते वाटतो. सगळ्यांचं नेट चालू, पाय तेवढा बेपत्ता. काकू विचारतात, "अहो, जाहिराती दिसताहेत, म्हणजे नेट नीट झालं ना?" काका उत्तर देत नाहीत.

"नेटवर्क डिफॉल्टवर आणलं की झालं. दहा मिनिटांचं काम," मग ते जाहीर करतात.

एसएसएच लागत नाही, म्हणजे पडदा जोडणं आलं. पाय ४ला मायक्रो एचडीएमआय लागते, आणि काकांच्या पिशवीत तेवढी सोडून सगळ्या केबली असतात. केव्हाच भंगारात गेलेल्या प्रिंटरचीसुद्धा. केबल मागवून येते, टीव्ही ऐन मालिकेच्या वेळी ताब्यात घेतला जातो आणि काका सवयीने डीएचसीपीसीडी.कॉन्फ उघडतात. २०१९च्या बॅकअपमधून जपून आणलेली फाइल. ओळीओळीपुढे हॅश, मग रीबूट. पाय ढिम्म! २०२३च्या बुकवर्म आवृत्तीपासून पत्त्यांचं खातं नेटवर्कमॅनेजरकडे गेलंय. काका बदली झालेल्या साहेबाच्या टेबलावर अर्ज ठेवत बसलेत. आणि तो कायमचा पत्ता नेटवर्कमॅनेजरच्या एनएमटीयूआयमध्ये भरला कोणी? काकांनीच, गेल्या दिवाळीत.

तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा म्हणतो, "काका, कार्डच नव्याने राइट करा ना. इमेजर आहे, सगळं कोरं मिळेल."

"त्याला दुरुस्ती म्हणत नाहीत," काका चष्म्यावरून बघतात.

तासाभराने एकदाचं आयपीव्ही४ ‘ऑटोमॅटिक’वर येतं. जुना पत्ता आणि गेटवे खोडले जातात, राउटरकडून नवा पत्ता मिळतो. ८.८.८.८ला पिंग जातो, पण नावाने साइट उघडायला प्रत्येक वेळी ताटकळावं लागतं. डीएनएसच्या रकान्यात १.५० तसाच! म्हणजे पाय आधी स्वतःलाच विचारतोय, तेही सोडून गेलेल्या घरी. तो रकाना रिकामा केल्यावर मात्र सगळं सुरळीत. काकू रिमोट परत मागतात.

"आता राउटरमध्येच याच्या मॅक अॅड्रेसवर एक पत्ता राखून ठेवा. पायला हात लावूच नका," मुलगा सांगतो. बरोबरच सांगतो.

"राउटर कंपनीचा. उद्या पुन्हा बदलतील. आपलं आपल्या हातात बरं," असं म्हणत काका पुन्हा एनएमटीयूआय उघडतात आणि १९२.१६८.०.५० भरतात. पायच्या डबीवरच्या लेबलवर आधीचे चार पत्ते खोडलेले आहेत. पाचव्याला जागा उरलेली नाही, म्हणून काका डबी उलटी करतात आणि पेन मागतात.