सपत्नीक स्वदेशी : जर्मनी ते पुणे

परदेशात दहा-बारा वर्षे काढलेला माणूस तिथलाच जोडीदार घेऊन कायमचा मायदेशी निघतो, तेव्हा त्या प्रवासाचे पाच टप्पे पडतात : निर्णय, कागद, सामान, वाट आणि उंबरठा. पहिल्या चारांना मिळून वर्षभर लागते. पाचवा किती वर्षांत संपेल ते घराघरावर अवलंबून असते. जर्मनीतून पुण्यात परतणारा अभियंता आणि त्याची जर्मन पत्नी ही या प्रकारातली नमुनेदार जोडी. जावई परदेशी असला तरी टप्पे हेच राहतात. फक्त त्याला कोणी काही शिकवायला जात नाही आणि बसायला आधी खुर्ची मिळते.

निर्णय नवरा घेतो असा समज आहे. प्रत्यक्षात नवरा तीन वर्षे ‘बघू’ म्हणत असतो. मराठीत ‘बघू’चा अर्थ बहुधा ‘नाही’ असा होतो. पण हे जर्मन पत्नीला ठाऊक नसते. ती खरोखरच बघायला घेते. तारखा, खर्च आणि घरमालकाला द्यायची तीन महिन्यांची नोटीस यांचा तक्ता करून ती फ्रिजवर चिकटवते. अशा रीतीने परत जाण्याचा निर्णय होतो आणि तो आपण घेतला असे नवरा पुढे सर्वांना सांगतो.

कागदांचा टप्पा पत्नीच्या नावापासून सुरू होतो. जर्मन कायद्यानुसार लग्नानंतर दोघांनाही आपापले आडनाव ठेवता येते, आणि मधले नाव असलेच पाहिजे असे नाही. भारतीय अर्जातले चौकोन मात्र रिकामे राहायला तयार नसतात. सासरच्या मंडळींना तर नाव, नवऱ्याचे नाव, आडनाव असा तीन डब्यांचा ऐवज लागतो. पुढचा प्रश्न राहण्याच्या हक्काचा. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला ‘ओसीआय’ कार्ड मिळू शकते, पण त्यासाठी लग्न नोंदवलेले हवे आणि अर्जापूर्वी ते सलग दोन वर्षे टिकलेले हवे. तोवर प्रवेश व्हिसावर राहायचे, आणि व्हिसा 180 दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून 14 दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे नोंद करायची. कार्ड मिळाले तरी मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. पहिल्या अटीचे पत्नीला वाईट वाटते. दुसरीचे नवऱ्याला वाटत नाही. गावच्या दीड एकरात आधीच चौदा चुलत भाऊ उभे असतात.

सामानाचे दोन भाग असतात : जहाजाने येणारे आणि बॅगेत येणारे. जहाजाचे सामान हँबुर्गहून न्हावाशेव्याला पोचायला कित्येक आठवडे लागतात. दोन्ही देशांत वीज 230 व्होल्टचीच असल्यामुळे जर्मन यंत्रे पुण्यात जळत नाहीत. त्यांचे जाड प्लग भिंतीतल्या भोकांत शिरत नाहीत, एवढेच. बॅगेतल्या सामानाचा हिशेब वेगळा. जाताना मुलाने मेतकूट, चिवडा आणि आईने सुतळीने बांधलेला लाडवांचा डबा नेलेला असतो. येताना त्याच वजनाची चॉकलेटे आणायची असतात. नातेवाइकांची यादी आधी मागवली तर चोवीस नावे येतात; विमानात बसेपर्यंत ती एकतीस होतात. जर्मन पत्नी एकतीस पुडकी मोजून नावे घालते. नवरा त्यांवर आणखी सहा ठेवतो, ‘अचानक येणाऱ्यांसाठी’. अचानक येणाऱ्यांची संख्या आधी कशी कळते, हा तिचा भारताविषयीचा पहिला प्रश्न.

वाटेचा टप्पा फ्रँकफर्टपासून मुंबईपर्यंत आठ-नऊ तासांचा आहे. घड्याळ उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास पुढे करावे लागते. तासांचे पत्नीला काही वाटत नाही. अर्ध्याबद्दल मात्र ती खुलासा मागते. खरा प्रवास मुंबईनंतर सुरू होतो. सुमारे 150 किलोमीटरच्या या वाटेत द्रुतगती मार्ग येतो. तो 2002 साली पूर्णपणे खुला झाला आणि त्याची लांबी साधारण 95 किलोमीटर आहे. जर्मनीच्या महामार्गावर डाव्या मार्गिकेतून पुढे जायचे. उजवीकडून कोणाला मागे टाकणे हा गुन्हा. भारतात वाहतूक डावीकडून चालत असल्याने नियम उलटा हवा. येथे मात्र उजव्या मार्गिकेत ट्रक शांतपणे चाललेला असतो आणि त्याला दोन्ही बाजूंनी मागे टाकता येते. पहिल्या वेळी किंचाळते ती पत्नी नव्हे, नवरा. पत्नीने हे असेच असते असे पुस्तकात वाचलेले असते. नवऱ्याच्या आठवणीतला रस्ता बारा वर्षांत गुळगुळीत झालेला असतो. खंडाळ्याचा घाट येईपर्यंत तो डोळे मिटून असतो आणि ती वडापाव संपवून दुसरा मागवावा का, या विचारात असते.

उंबरठ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकतात, माप ओलांडून घेतात आणि शिक्षण सुरू होते. या प्रसंगी सावित्रीबाई खानोलकरांचे उदाहरण हमखास निघते. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या या बाईंनी 1932 साली विक्रम खानोलकर या लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केले, मराठी आणि संस्कृत शिकल्या, महाराष्ट्रातील संतांवर पुस्तक लिहिले आणि पुढे परमवीरचक्राची रचना केली. उदाहरण प्रेरणा देण्यासाठी सांगितले जाते. नव्या सुनेला त्याचा अर्थ असा लागतो की पुरणपोळी फाटू न देणे ही किमान अपेक्षा आहे.

भाषेत जर्मन सुनेला अनपेक्षित सवलती मिळतात. मराठीतली तीन लिंगे ऐकून ती घाबरत नाही. तिच्याही भाषेत तीनच आहेत, आणि तितकीच लहरी. ‘चमचा’तला च तिला पहिल्या दिवशी जमतो, कारण तो आवाज जर्मनमध्ये जागोजागी भेटतो. ळ मात्र अडतो. ‘मी केळं खाल्लं’ हे वाक्य ‘मी केलं, खाल्लं’ असे बाहेर पडते आणि सासूबाई ‘काय केलंस?’ म्हणून स्वयंपाकघरात बघून येतात. जेवताना गैरसमज वाढतो. जर्मन रीतीने, कोणी काही पुढे केल्यावर नुसते ‘धन्यवाद’ म्हटले की त्याचा अर्थ ‘नको’. मराठी पंगतीत ‘धन्यवाद’चा असा अर्थ कोणी लावत नाही. चौथी पोळी पानात पडते. पाहुण्या काकू ‘येते हं’ म्हणून उठतात, तेव्हा त्या लगेच परत येणार असे धरून ती कॉफीचे आधण ठेवते. काकू दारातच अर्धा तास बोलत उभ्या राहतात, म्हणून कॉफी वाया जात नाही.

गावाशी मात्र तिचे लवकर जुळते. दुकान दुपारी बंद असते याचा तिला राग येत नाही; जर्मनीत ते रविवारभर बंद असते. फाटकासमोर गाडी लावू नये, बेल एकदाच वाजवावी, पत्ता विचारू नये, अशा पुणेरी पाट्या तिला आईच्या गल्लीची आठवण करून देतात. ओला आणि सुका कचरा वेगळा करण्यात तिला काही कष्ट वाटत नाहीत. कागद, वेष्टने, ओला आणि उरलेला असे चार डबे हाताळून, शिवाय काचेच्या बाटल्या रंगांप्रमाणे निवडून ती आलेली असते. कचरा न्यायला येणाऱ्या मावशी सगळ्या इमारतीला तिचा दाखला देतात. रस्ता ओलांडताना नवरा गाड्या थांबण्याची वाट पाहत झेब्रा पट्ट्यांवर उभा राहतो. ती सासूबाईंचा हात धरून पलीकडे पोचलेली असते.

पाचवा टप्पा संपल्याची खूण व्याकरणात सापडते. जर्मनमध्ये ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांना एकच शब्द आहे. मराठीत दोन आहेत आणि त्यांच्यामध्ये घराचा उंबरठा आहे. सुरुवातीची वर्षे सुनेला ‘आमच्याकडे असं करतात’ असे सांगितले जाते. पुढे एखाद्या दिवशी, बहुधा कोथिंबीर निवडताना, सासूबाई सहज ‘आपल्याकडे’ म्हणून जातात. तिकडे दुसऱ्या खोलीत नवरा रात्री साडेदहाचे ढोलताशे ऐकून खिडकी लावत असतो : ‘आमच्याकडे दहानंतर एवढा आवाज चालत नाही.’ तेव्हा सून त्याची समजूत घालते, ‘आपल्याकडे गणपतीत चालतं.’ येथे पत्नीचा प्रवास पूर्ण झाला असे मानतात. नवऱ्याचा चालू असतो.