अ तुकडीचा नातू

आमचा नातू चार वर्षांचा आहे आणि न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहतो. उजवा बूट डाव्या पायात घालणे, दही केसांना लावणे आणि लिफ्टची सगळी बटणं एकदम दाबणे, या तीन विषयांत त्याची प्रगती उत्तम आहे. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं तिकडे पोचलो तेव्हा घरात दहावीच्या निकालाच्या सकाळी असते तसली शांतता होती. लेकीनं दार उघडलं, वाकून नमस्कार केला आणि बॅगा आत यायच्या आधीच म्हणाली, "बाबा, टीचरनं त्याचं नाव दिलंय."

"काय केलं त्यानं?"

"गिफ्टेडसाठी दिलंय!"

मग आमच्या लक्षात आलं. हुशार मुलांचा वेगळा वर्ग, तोही सरकारी शाळेत, तोही फुकट. अमेरिकेत त्याला 'गिफ्टेड अँड टॅलेंटेड' असं भरजरी नाव असलं, तरी मराठी माणसाला ती अ तुकडी आहे हे समजावून सांगावं लागत नाही. फरक एवढाच, की आमच्या वेळी चौथीचे मार्क बघून पाचवीत तुकड्या पाडायचे. तिथे मूल शाळेची पायरी चढण्याआधीच त्याची तुकडी पडते. २०२१ च्या सुमारास शहरात वर्षाला साधारण ६५,००० मुलं बालवर्गात येत आणि गिफ्टेडच्या जागा सुमारे २,५००. उरलेल्या साडेबासष्ट हजारांना देवानं काहीच गिफ्ट दिलेलं नाही, हे त्यांना पाचव्या वर्षीच कळतं. पुढचा गैरसमज टळतो.

पूर्वी यासाठी रीतसर परीक्षा होती. २००८ पासून सगळ्या शहराला एकच चाळणी. शंभरात नव्वदांच्या पुढे असाल तर आपल्या भागातला वर्ग, सत्त्याण्णवांच्या पुढे असाल तर शहरातल्या मोजक्या खास शाळांसाठी अर्ज. प्रत्यक्षात तिथे नव्व्याण्णवाखाली कुणी विचारत नसे. जावईबापूंच्या थोरल्या भावाची मुलगी या परीक्षेला बसली होती. तिला सहा महिने शिकवणी लावली होती. चौकोनात त्रिकोण, त्रिकोणात टिंब, तर वर्तुळात काय? पोर झोपेतही "टिंब" म्हणायची. परीक्षेच्या दिवशी आत गेली आणि परीक्षक बाईंना म्हणाली, "आईनं सांगितलंय, अनोळखी माणसांशी बोलायचं नाही." आम्हाला विचाराल तर त्या खोलीतलं त्या दिवशीचं सगळ्यात शहाणं उत्तर हेच होतं, पण त्याला मार्क नव्हते. मुलगी आता साध्या शाळेत जाते, मजेत आहे. ती मजेत आहे हे त्या घरात मोठ्यानं बोलत नाहीत.

२०२१ च्या जानेवारीत शहराच्या शिक्षण मंडळानं परीक्षेचं कंत्राटच नामंजूर केलं. आता बालवाडीतल्या बाईंनी नाव द्यायचं आणि मग ज्यांची नावं आली त्यांची लॉटरी काढायची. म्हणजे आधी गुणवत्ता, मग म्हाडा. आपला मुलगा जन्मजात असामान्य आहे हे सिद्ध झाल्यावर त्याचा नंबर लागावा म्हणून लेकीनं सिद्धिविनायकाला नवस बोलायला आम्हालाच सांगितलं. आम्ही तो ऑनलाइन बोललो.

या वर्गांवर तिथले महापौर येतात आणि जातात. बिल डी ब्लासिओ यांनी २०२१ च्या ऑक्टोबरात, कारकीर्द संपायला तीन महिने उरलेले असताना, हा सगळा प्रकार मोडीत काढायचं जाहीर केलं. घर सोडताना भाडेकरूनं भिंत पाडायला काढावी, तसं. पुढच्या वर्षी एरिक ॲडम्स आले आणि त्यांनी उलट जागा वाढवल्या. २०२५ च्या निवडणुकीत जोहरान ममदानी म्हणाले की बालवर्गातली निवड बंद झाली पाहिजे. गंमत अशी की डी ब्लासिओंचे चिरंजीव शिकले ब्रुकलिन टेकमध्ये, आणि ममदानी स्वतः ब्राँक्स सायन्सचे. दोन्ही शाळा प्रवेश परीक्षेच्या, नामांकित. गच्चीवर पोचलेल्या माणसाला जिन्याची मोडकी पायरी फार स्पष्ट दिसते. अर्थात पायरी मोडकी आहे हे खरंच. चार वर्षांच्या मुलाची बुद्धी मोजणं म्हणजे भिजत घातलेल्या मटकीकडे बघून मिसळ कितपत झणझणीत होईल ते सांगणं.

बुद्धी मोजण्याचा मोठा उद्योग शंभर वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियात लुइस टर्मन या प्राध्यापकांनी सुरू केला. १९२१ पासून त्यांनी शाळाशाळांतून सुमारे दीड हजार तल्लख मुलं हेरली आणि जन्मभर त्यांच्यावर नजर ठेवली. पुढे त्यातून प्राध्यापक निघाले, वकील निघाले, चांगली खाऊनपिऊन सुखी माणसं निघाली. नोबेल एकालाही नाही. मात्र ज्या मुलांची चाचणी घेऊन 'पुरेशी हुशार नाहीत' म्हणून परत पाठवलं, त्यांत विल्यम शॉकली आणि लुइस अल्वारेझ हे दोघे होते. दोघांनाही पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. यावरून शॉकलींनी चाचण्यांबद्दल काही बोध घ्यावा की नाही? म्हातारपणी ते कुठल्या वंशाची बुद्धी जन्मतःच कमी, हे याच बुद्ध्यंकांच्या आधारे जगाला सांगत फिरले. ड तुकडीत बसवलेला मुलगा मॉनिटर झाला की छडी जास्त जोरात मारतो, हा आमचाही अनुभव आहे.

संक्रांतीला आम्हाला न्यू जर्सीत एडिसनला नेलं. एका घरच्या तिळगुळाला पंचवीस मराठी कुटुंबं. "कशी आहे तब्येत?" हे कुणी विचारलं नाही. "कुठे लागला?" हे सगळ्यांनी विचारलं. पूर्वी मुलगा बँकेत लागायचा, एसटीत लागायचा, आता मॅग्नेटला लागतो. मॅग्नेट म्हणजे सरकारी शाळाच, पण विज्ञान, तंत्रज्ञान, कला असं एखादं खास अंग असलेली, लांबलांबून मुलं खेचणारी. "पण खेचायचं कशाला?" आम्ही विचारलं. उत्तर कुणाला येत नव्हतं. ज्यांची मुलं लागली होती त्यांना तर मुळीच नाही. एका वहिनींनी आमच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि विषय गोड केला.

तर ऐका. काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणं घटनाबाह्य आहे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९५४ साली दिला. त्यावर पुष्कळशा गोऱ्या कुटुंबांनी काही आरडाओरडा न करता उपनगरांत घरं घेतली. मुलांना बसमध्ये घालून सक्तीनं मिसळायला गेलं की विरोध होई. तेव्हा कुणीतरी म्हणालं, ढकलू नका, ओढा. काळ्या वस्तीतली शाळाच इतकी झकास करा की गोरे आपण होऊन येतील. १९६८ मध्ये टॅकोमा गावात अशी पहिली शाळा निघाली. म्हणजे ज्या शाळेच्या नावानं एडिसनमध्ये "आमचा तिकडे, तुमचा इकडे" चालतं, ती मुळात सगळ्यांना एका बाकावर बसवायला काढली होती.

चुंबकाचा सगळ्यात महागडा प्रयोग मिझुरीतल्या कॅन्सस सिटीत झाला. तिथे १९८५ पासून एका न्यायाधीशांच्या हुकमावरून शाळांवर सुमारे दोन अब्ज डॉलर ओतले गेले. मंजूर कामांची यादी पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात छापून आली आहे, ती आम्ही दोनदा वाचली, एकदा चष्मा पुसून. तारांगण. पोहण्याचे तलाव. कलादालन, तेही तापमान राखलेलं. संयुक्त राष्ट्रांची प्रतिकृती, जिच्यात भाषणांचं भाषांतर ऐकण्यासाठी तारा ओढलेल्या. २५ एकरांचं शेत आणि त्या शेतात १०४ माणसांची वातानुकूलित बैठकीची खोली. आणि आमची सगळ्यात लाडकी: ३,५०० चौरस फुटांची, धूळ न येणारी डिझेल मेकॅनिकची खोली. आमच्या स्वारगेटच्या मेकॅनिकला हे सांगितलं तर तो म्हणाला, "साहेब, धूळ नसेल तर गाडी बिघडेल कशानं?"

उपनगरातली गोरी मुलं आणायला टॅक्सीसुद्धा पाठवल्या. मुलं फारशी आली नाहीत. पण ती येतील म्हणून राखून ठेवलेल्या जागा रिकाम्या राहिल्या आणि शेजारच्याच गल्लीतल्या काळ्या मुलांना "जागा नाही" सांगून परत पाठवलं. लग्नात व्याह्यांसाठी पंगत अडवून ठेवतात ना, व्याही येत नाहीत, जिलब्या गार होतात आणि घरची पोरं दारात उभी, तसलं ते. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, पुरे. २००० साली त्या शाळा-जिल्ह्याची मान्यताच गेली. डिझेलच्या खोलीत पुढे धूळ आली का, हे निकालपत्रात नाही.

आता मुख्य प्रश्न. या असल्या वर्गांनी मुलाचं भलं होतं का? आमच्या लेकीपुढे हा प्रश्न काढला तर तिनं, देव्हाऱ्यापुढे उभं राहून देव आहे का असं विचारल्यासारखं पाहिलं. पण विद्वानांनी तो काढलेला आहे. बॉस्टन आणि न्यूयॉर्कच्या परीक्षावाल्या शाळांत जी मुलं एकदोन गुणांनी आत गेली आणि जी एकदोन गुणांनी बाहेर राहिली, त्यांची तुलना २०१४ साली तीन अर्थशास्त्रज्ञांनी छापली. पुढच्या परीक्षांतल्या गुणांत म्हणण्यासारखा फरक नाही. निबंधाचं नावच 'द एलिट इल्यूजन', म्हणजे आमच्या भाषेत 'नाव सोनूबाई'. तिघांपैकी एक पराग पाठक. नाव वाचताच आम्ही सदाशिव पेठेत दोन फोन लावणार होतो, पण ते कुटुंब मूळचं नेपाळचं निघालं. तुलना उंबऱ्यावरच्या मुलांचीच आहे हे खरं. पण उंबऱ्यावरच्याच मुलाचे आईबाप रात्री जागतात.

दुसरा अभ्यास याहून खोडसाळ आहे. फ्लोरिडात ब्रॉवर्ड नावाचा परगणा आहे. तिथे बुद्ध्यंक १३० असला की मूल गिफ्टेड. गरीब घरच्यांना थोडी सवलत. शाळेत चौथी-पाचवीला एक जरी असं मूल असलं तरी त्याच्यासाठी वेगळा वर्ग काढायचा असा नियम होता. आता एका मुलाचा वर्ग कसा भरणार? म्हणून उरलेल्या खुर्च्यांवर आदल्या वर्षी चांगले मार्क मिळवलेली, पण शिक्का न मिळालेली मुलं बसवायची. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला. ज्यांच्या बुद्ध्यंकासाठी वर्ग काढला, त्यांच्या मार्कांत काडीचाही फरक पडला नाही. फायदा झाला तो रिकाम्या खुर्चीवर बसवलेल्यांचा, त्यातही काळ्या आणि स्पॅनिश भाषक घरांतल्या मुलांचा, आणि चांगला घसघशीत. शिवाय, आईबापांनी चाचणी मागण्याची वाट न बघता दुसरीतल्या झाडून सगळ्या मुलांची चाळणी लावली, तेव्हा गरीब वस्त्यांतून एवढी हुशार मुलं निघाली की सगळे चकित झाले. मग पैशांची तंगी आली आणि चाळणी बंद झाली. हुशार मुलं निघायचीही लगेच थांबली.

यावर मी जेवताना म्हटलं, "अगं, म्हणजे वर्ग चांगलाच आहे. फक्त जो त्याच्यावर हक्क सांगत नाही त्याला तिथे बसवायला हवं."

"बाबा, तुम्ही वरण घ्या," लेक म्हणाली.

निकालाचा ईमेल आम्ही परत आल्यावर आला. पात्र आहे, पण सोडतीत नंबर नाही. प्रतीक्षा यादी. फोनवर लेक रडवेली झाली होती आणि मागे नातू लिफ्ट, लिफ्ट असं ओरडत होता. मी धीर देणार होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "तुम्हाला नाही कळायचं बाबा. तुम्ही ब तुकडीतले."

हे खोटं नाही. आमची १९७७ ची दहावी. बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर सकाळी सूर्योदय, गुलाब आणि मधुमेहावर मेथी. पण अ तुकडीचा ग्रुप वेगळा आहे. पासष्टी आली, निम्म्यांचे गुडघे बदलले, एकाला स्वतःचा फोन सापडत नाही, पण ग्रुप वेगळा. त्यात काय चालतं हे आम्हा ब वाल्यांना आजवर ठाऊक नव्हतं.

परवा त्यांच्या ॲडमिनचा मला फोन आला. त्यांची महाबळेश्वरची सहल ठरली आहे, बस वीस जणांची घेतली आणि चार जागा रिकाम्या राहताहेत, तर ब मधले कुणी येता का? मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. लगेच पैसे पाठवले आणि खिडकीची जागा मागितली.