पिंट्याचा पॉइंट

आमच्या पिंट्याचं कागदोपत्री नाव एवढं लांबलचक आहे की ते घेऊन हाक मारेपर्यंत तो धरमपेठेतून फुटाळ्याला पोचलेला असतो. जातीनं इंग्लिश पॉइंटर. पक्ष्याचा वास आला की एक पाय उचलून, नाक पुढे करून, शेपूट ताठ करून तो जागच्या जागी थिजतो. धरायचं नाही, भुंकायचं नाही, नुसतं दाखवायचं. पुढचं काम बंदूकवाल्याचं.

बंदूकवाला आमच्याकडे नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार आवळली आणि १९९१ च्या दुरुस्तीनं उरलेसुरले परवानेही गेले. उत्तमच झालं, मी तर झुरळ दिसलं की बायकोला हाक मारतो. पण त्यामुळे नागपुरात पॉइंटर पाळणं म्हणजे चेरापुंजीत डेझर्ट कूलर विकण्यासारखं आहे, असं बायकोचं मत आहे. हौसेला मोल नसतं म्हणतात. पिल्लाला होतं, आणि तो आकडा मी तिला अजून खरा सांगितलेला नाही.

या हौसेचं मूळ इंग्लंडात. १८५९ साली न्यूकॅसलला कुत्र्यांचं पहिलं प्रदर्शन भरलं, त्यात फक्त पॉइंटर आणि सेटर होते. बक्षीस म्हणून बंदुका. पॉइंटरच्या परीक्षकाचा सेटर पहिला आला आणि सेटरच्या परीक्षकाचा पॉइंटर पहिला आला. हे वाचल्यावर तो देश मला एकदम आपला वाटला. पुढे १८६५ मध्ये, बहुधा दिसण्यावरची भांडणं पुरेशी झाल्यावर, साउथिलला कामाची परीक्षा सुरू झाली. तीच फील्ड ट्रायल. कुत्र्यांची जोडी रानात सोडतात. दोघं वाऱ्याच्या तोंडाला आडवी-तिडवी धाव घेत रान पिंजून काढतात. एकानं पॉइंट धरला की दुसऱ्यानं, स्वतःला कसलाही वास आलेला नसताना, नुसतं पहिल्याला पाहून थबकायचं. याला बॅकिंग म्हणतात. ‘तू म्हणतोस तर असेलच’ एवढा विश्वास! संसारात मला तो अजून लाभलेला नाही.

आमची फील्ड ट्रायल रोज पहाटे साडेपाचला, तेलंगखेडीच्या बाजूनं. उन्हाळ्यात त्यानंतर उशीरच होतो; पारा पंचेचाळीसच्या पुढे असला की पिंट्या फक्त कूलरकडे पॉइंट करतो. हिवाळ्यातल्या एका सकाळी मात्र त्यानं रस्त्याकडेच्या झुडपावर असा पॉइंट धरला की मला भरून आलं. पाय वर, नाक नाकासमोर, शेपटीचं टोकसुद्धा हलेना. अशा वेळी मालकानंही हलायचं नसतं. मी श्वास रोखून उभा राहिलो.

नागपुरात माणूस रस्त्यावर विनाकारण दोन मिनिटं उभा राहू शकत नाही. आधी एक सायकलवाला दूधवाला थांबला.

“काय पाहून राह्यले जी?”

मी ओठांवर बोट ठेवलं. त्यानंही ठेवलं. मग फिरायला निघालेले दोन पेन्शनर थांबले, मग एक स्कूटी, मग एक ऑटो, सवारीसकट.

“साप असन,” ऑटोवाला कुजबुजला.

“साप नाही बे, मुंगूस.”

“कुत्रा बंद पडला का काय?” स्कूटीवाला.

दहा-बारा माणसं झुडपाकडे टक लावून उभी. कोणाला काही दिसत नव्हतं, वास तर मुळीच नव्हता, तरी एक जण हलला नाही. बॅकिंग बॅकिंग म्हणतात ते हेच. साउथिलच्या परीक्षकांनी आमच्या ऑटोवाल्याला डोळे झाकून पहिला नंबर दिला असता. शेवटी फडफड करत एक तित्तर उडालं आणि ओरडत पलीकडच्या शेतात शिरलं. पिंट्या अभिमानानं माझ्याकडे पाहू लागला. जमाव माझ्याकडे पाहू लागला.

“एवढ्यासाठी?” दूधवाला म्हणाला. “आमच्या वावरात या ना, पन्नास दाखवतो. कुत्रा नाही लागत.”

तर असा गुणी मुलगा. त्याचं लग्न जमवायचं ठरलं. या व्यवहारात मुलगी मुलाकडे येते, हुंड्याऐवजी मुलाकडच्यांना पसंतीचं एक पिल्लू मिळतं, आणि पत्रिका म्हणजे तीन पिढ्यांची वंशावळ. शंकरपटाच्या बैलाची कुळी सांगणारे आजोबा पाहिलेत ना, तेच प्रेम, तीच अतिशयोक्ती. मुलगी अमरावती रोडवरची, गोरी, अंगावर तपकिरी ठिपके. तिचे मालक रीतसर नोंदणी केलेले, शिस्तीचे गृहस्थ. इंग्लंडात अशा वेळी मुलानं किती ट्रायल जिंकल्या ते विचारतात. यांनी विचारलं, “अंडं खातो का?”

तिच्या माजाचा बारावा दिवस होता. दिवस मोजकेच असतात, म्हणून ते रजा टाकून आले. मीही टाकली. चहा झाला, पोहे झाले, आणि गच्चीवर दोघांना मोकळं सोडलं. पिंट्यानं तिला हुंगलं. तिनं लाजून शेपूट बाजूला केली. आम्ही दोघे सभ्यपणे पाठ फिरवणार, एवढ्यात टाकीवर कबुतर येऊन बसलं.

पिंट्याचा पाय वर गेला.

मी कपाळाला हात लावला. पण तिच्या मालकांचे डोळे चमकले होते, कारण मागे तीही थिजली होती. कबुतर तिला दिसतही नव्हतं. ती फक्त पिंट्याकडे पाहत, मान पुढे करून, पाय उचलून उभी होती.

“बॅकिंग!” ते माझा दंड धरून कुजबुजले. “अजिबात शिकवलं नाही हो तिला. रक्तात आहे!”

पाच मिनिटं झाली, दहा झाली. कबुतर निवांत पिसं साफ करत होतं. त्याला हाकलावं असं मला फार वाटत होतं, पण इतका सुंदर पॉइंट मोडायचा कसा? जिन्यातून बायको वर आली.

“झालं का?”

आम्ही दोघांनी ओठांवर बोट ठेवलं. तिनं टाकीकडे पाहिलं, कुत्र्यांकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि पायातली चप्पल काढली.