धक्का न लागण्याची हौस

ऑटोमॅटिक गाडी घेतली की डाव्या पायाला सुट्टी मिळते आणि तोंडाला काम लागतं. मी त्याच पंथातला. क्लच दाबावा लागत नाही हे या गाडीचं दुय्यम सुख. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे काय ते शेजारच्याला समजावून सांगता येतं, हे मुख्य. आमच्या पंथात जातिभेद कडक आहे. अकोल्याकडे ऑटोमॅटिक म्हटलं की बहुतेकांना एएमटी आठवते. 2014 साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर ती आपल्याकडे आली. तिच्यात क्लच साधाच असतो, दाबणारा पाय फक्त यंत्राचा. तिला आम्ही ऑटोमॅटिक म्हणत नाही, म्हणणाऱ्याकडे बघून मंद हसतो. दोन क्लचच्या डीसीटीवाल्यांना पंक्तीला घेतो, पण त्यांच्या ताटातलं खात नाही. पट्ट्यावर चालणाऱ्या सीव्हीटीवाल्यांचं कूळ तपासावं लागतं, कारण त्यांच्यातल्या काहींच्या पोटात आमचाच कन्व्हर्टर निघतो. आणि पंथाच्या आतसुद्धा एक गाभारा आहे. तिथे फक्त लॉकअपविषयी बोलतात.

कन्व्हर्टर समजावताना समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांचा दाखला देण्याची रीत आहे. तो मी देणार नाही. वाचकाने तो ऐकलेला असतो आणि त्यातून काहीच कळलेलं नसतं. सरळ सांगतो. हा तेलाचा कायमचा हाफ क्लच आहे. इंजिन एक चक्र फिरवतं, ते तेल फेकतं, त्या तेलाने दुसरं चक्र फिरतं आणि दुसऱ्यामुळे गाडी. मधे स्टेटर नावाचं तिसरं चक्र परतीच्या तेलाला वळण देतं. त्यामुळे गाडी जागची हलताना इंजिनाचा जोर दुपटीच्या आसपास वाढून चाकाकडे जातो. ही त्याची खरी करामत. पण दुसरं चक्र पहिल्याच्या वेगाजवळ आलं की करामत संपते आणि उरते नुसती घसरण, आणि घसरणीची उष्णता तेलात उतरते. चढावर इंजिन चाळीस किलोवॅट देत असेल आणि त्यातले पंधरा टक्के कन्व्हर्टरमध्ये गळत असतील, तर सहा किलोवॅट झाले, म्हणजे घरातले तीन गीझर एकदम चालू, आणि तेही अकोल्याच्या मे महिन्यात, जिथे नळालाच गरम पाणी येतं. ही गळती थांबवायला दोन्ही चक्रं एकमेकांना घट्ट पकडणारा एक क्लच आत बसवतात. तोच लॉकअप. तो केव्हा लागावा, केव्हा सुटावा आणि किती जोरात धरावा, हे गिअरबॉक्सचा संगणक ठरवतो. या ठरवण्यालाच ट्यूनिंग म्हणतात, आणि माझं भांडण या ठरवण्याशी आहे.

अकोल्याहून पातूरपर्यंत रस्ता सपाट. तिथवर लॉकअप लागलेला असतो आणि कुणाची काही तक्रार नसते. पातूर सोडून मेडशीकडे निघालं की घाट लागतो. कसारा-खंबाटकी पाहिलेला माणूस याला घाट म्हणायला तयार होत नाही, पण वाशीम अकोल्याहून अडीचशे मीटरच्या आसपास उंच आहे आणि ते मीटर कुठे तरी चढावेच लागतात. गाडीत पाच माणसं, डिकीत सामान, एसी पूर्ण. अशा वेळी बहुतेक गाड्यांचा संगणक सर्वांत सोपा मार्ग धरतो. तो लॉकअप सोडतो. इंजिनाचे फेरे थोडे वाढतात, आतल्यांना काही जाणवत नाही. जरा चढ कमी झाला की पुन्हा धरतो. वळण आलं की पुन्हा सोडतो. धरायची रेषा आणि सोडायची रेषा एकमेकींच्या फार जवळ आखलेल्या असल्या, तर घाटभर हा खेळ चालतो. तेल तापतं, आणि दर वेळी धरताना लॉकअपचं अस्तर थोडं झिजतं. माझं म्हणणं एवढंच की संगणकाने इथे लॉकअप न सोडता गिअर खाली घ्यावा. तिसरा टाका, चक्रं घट्ट धरून ठेवा, इंजिनाला फिरू द्या आणि दोन रेषांमधलं अंतर वाढवा. यावर जाणकार म्हणतात, लॉकअप सोडला की कन्व्हर्टर जोर वाढवतो, त्यासाठीच तर तो आहे. वाढवतो, पण घसरण मोठी असेल तेव्हा. पन्नासच्या वेगाने घाट चढताना दोन चक्रांत दहा-पंधरा टक्क्यांचाच फरक असेल, तर वाढीव जोर जवळजवळ शून्य. तेव्हा जो जोर लागतो तो एक गिअर खाली घेतल्यानेच मिळतो.

मग कंपन्या तसं का करत नाहीत? त्यांना कळत नाही असं म्हणण्याची हिंमत माझ्यातही नाही. त्यांना माझ्यासारखी गिऱ्हाइकं फार चांगली कळतात, हे खरं कारण. गिअर खाली घेतला की आवाज होतो, बारीक धक्का बसतो. शोरूमच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये धक्का बसला की माणूस गाडी नाकारतो. तापलेलं तेल मात्र टेस्ट ड्राइव्हमध्ये कुणालाच दिसत नाही. आपल्याकडे धक्का न लागणं हीच श्रीमंतीची खूण आहे. ही हौस जुनी. अमेरिकेत 1948 साली ब्युइकने डायनाफ्लो आणला. तो चालताना गिअर बदलतच नसे, सगळं कन्व्हर्टरवर सोडून द्यायचा. लोण्यासारखा मऊ, पेट्रोल मात्र बदाबद. पुढच्याच वर्षी पॅकार्डने अल्ट्रामॅटिकमध्ये लॉकअप घातला, पण लोकांना मऊपणा हवा होता. लॉकअपचे दिवस खऱ्या अर्थाने पालटले ते 1973 च्या तेलसंकटानंतर. 1978 मध्ये क्रायस्लरने तो आपल्या गाड्यांत घातला. म्हणजे शहाणपण सुचायला पेट्रोल महागावं लागलं. आपल्याकडे मायलेजचा आकडा देणारी चाचणी गाडी रोलरवर उभी करून होते, वीस ते तीस अंश तापमानात, चढ अजिबात नाही. ती करणारी एआरएआय ही संस्था पुण्यात चक्क एका टेकडीवर आहे आणि ती टेकडी त्या संस्थेच्याच नावाने ओळखली जाते. पुणेकर रोज सकाळी ती चढतात. गाड्यांना मात्र तिथे वर नेऊन रोलरवर पळवतात.

आता थोडं रुळावरून जातो, आणि रुळावरूनच जातो. कन्व्हर्टरविषयी वऱ्हाडात बोलायचं आणि शकुंतला वगळायची, हे जमणार नाही. मूर्तिजापूरहून एकीकडे अचलपूर, दुसरीकडे यवतमाळ अशी ही नॅरोगेज गाडी धावायची. मँचेस्टरला 1921 मध्ये घडलेल्या वाफेच्या इंजिनाने तिला 1994 पर्यंत ओढलं. मग डिझेल आलं, आणि नॅरोगेजची ही झेडीएम जातीची इंजिनं हायड्रॉलिक, म्हणजे आमच्याच बिरादरीतली. मुळात हा कन्व्हर्टर मोटारीसाठी जन्मलाच नव्हता. हेर्मान फ्योटिंगर नावाच्या जर्मन इंजिनिअरने 1905 साली त्याचं पेटंट घेतलं ते जहाजांसाठी. जहाजातला कन्व्हर्टर कापसाच्या वावरातून जाणाऱ्या गाडीत आला, आणि तिथे तो चालला ताशी वीसच्या आसपास. डब्यातल्या लोकांनी त्याचं कधी कौतुक केलं नाही, धक्के खाल्ले आणि घरी गेले. आपल्या देशात रेल्वे इंजिनासाठी हायड्रो-मेकॅनिकल ट्रान्समिशन बनवलं मनमोहन सुरी यांनी, त्यासाठी 1962 चा भटनागर पुरस्कार मिळवला, आणि दुर्गापूरच्या ज्या केंद्रीय संस्थेचे ते संचालक होते, तिथेच पुढे स्वराज ट्रॅक्टरचं काम सुरू झालं. पातूर-बाळापूरच्या शिवारात स्वराज चालवणाऱ्याला लॉकअपवर व्याख्यान द्यायला जो माणूस उत्सुक असतो, त्याने हे आधी वाचलेलं बरं. मी वाचलं आहे, उत्सुकता तरी कमी झालेली नाही.

असो. आक्षेप आणखी आहेत. गिअर खाली घेतला तर अ‍ॅव्हरेज पडतं, हा पहिला. घाटापुरतं पडतं, खरं आहे, पण घाट काही किलोमीटरचा आणि गिअरबॉक्स लाखाच्या घरातला. लॉकअप सतत धरून ठेवला तर तो झिजेल, हा दुसरा. पूर्ण धरलेला क्लच झिजत नाही. झिजतो तो धरताना, सोडताना आणि अर्धवट घसरत ठेवताना. जुन्या तेलावर गाडी थरथरते ती त्यामुळेच. मग संगणकच नव्याने लिहून घेऊ, असं म्हणणारे उत्साही लोक भेटतात. पुण्या-मुंबईत तशी सोय आहे म्हणतात. वॉरंटीवर पाणी सोडून, मोबाइलवर तेलाचं तापमान बघत घाट चढण्यात जे सुख आहे ते मला मनापासून समजतं, कारण त्यात गाडीपेक्षा आपण हुशार ठरतो. पण त्याची गरज नाही. बहुतेक गाड्यांत दांडा एम मध्ये, म्हणजे मॅन्युअलमध्ये, टाकता येतो आणि बऱ्याच गाड्या मग गिअर आणि लॉकअप दोन्ही धरून ठेवतात. उतरतानाही तेच करावं, म्हणजे इंजिन गाडीला आवरतं आणि ब्रेक थंड राहतात. यावर वऱ्हाडी माणसाचा शेवटचा आक्षेप उरतो: ‘कायले पाह्यजे बाप्पा एवढं लफडं? साधी गिअरची घ्या ना!’

या आक्षेपाला माझ्याकडे विनोदी उत्तर नाही. साठी ओलांडलेल्या, गुडघ्याची गादी झिजलेल्या बाईला ऑटोमॅटिकमुळे स्वतःची गाडी स्वतः चालवता येते, आणि त्यासमोर आमच्या पंथाच्या सगळ्या बढाया कवडीमोल आहेत. उलट बाजूने पाहा. याच घाटात आपल्या मागून एसटी येते. खचाखच भरलेली, मे महिन्यातली, एसी नसलेली. तिचा ड्रायव्हर प्रत्येक वळणाला डाव्या पायाने तो जड क्लच दाबतो. आमच्या संगणकाने लॉकअप कुठल्या क्षणी सोडावा यावर आम्ही तासभर बोलू शकतो. त्याच्यासाठी तो क्षण त्याचा गुडघा ठरवतो, आणि निवृत्तीपर्यंत ठरवत राहतो. रोज त्या घाटात ज्यांना खरंच ऑटोमॅटिक हवी, त्यांना ती सगळ्यात शेवटी मिळणार, हे मला पटत नाही. त्यावर मी लेखापलीकडे काही केलेलं नाही, हेही नोंदवून ठेवतो.

तेव्हा पातूर सोडताना दांडा एम मध्ये टाका, तिसरा धरा, आवाज झाला तर होऊ द्या. आणि पुढे एसटी चढत असेल तर तिच्या पुढे घुसून ब्रेक मारू नका. तुमचा संगणक पुन्हा गिअर शोधेल. तिच्या ड्रायव्हरला तो पायाने शोधावा लागतो.